जुना मॅसी १०३५: उचललेला नांगर हिसके देतो, इंजिन बंद केलं की खाली बसतो. पंप बदलावाच लागेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर मॅसी १०३५, जुना. इंजिन, गिअर, क्लच ठीक. लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रोलिक यंत्रणा) आजवर उघडलेली नाही.

लक्षणं अशी: दोन फाळी पलटी नांगर उचलून इंजिन चालू ठेवलं की दर तीन-चार सेकंदांनी नांगर किंचित खाली येतो आणि हिसका देऊन परत वर जातो. इंजिन बंद केलं की दहा-बारा मिनिटांत फाळ जमिनीला लागतात. सकाळी तेल थंड असताना त्रास कमी, दुपारी ट्रॅक्टर तापला की जास्त. अवजार न लावता आर्म झटकन वर येतात. नांगर लावला की उचल संथ होते, पण उचलतो. बाहेर कुठेही गळती नाही. डिपस्टिकवर तेल खुणेपर्यंत आहे, फक्त रंग दुधाळ दिसतो.

मिस्त्रीचं म्हणणं पूर्ण पंप बदला, जुना चांगला पंप आणून देतो. पंपच गेला हे न उघडता कसं ठरवायचं? सील आणि रिंगा लागल्या तर कुठल्या घ्यायच्या, कुठे मिळतील? चेनपुली आणि पान्यांचा पूर्ण सेट घरी आहे. मदतीला दोन माणसं मिळतात.

सूतमाप
पंप घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच अर्धं निदान झालंय.

तेल थंड असताना लिफ्ट बरी आणि तापल्यावर वाईट, म्हणजे दाबाच्या बाजूला कुठेतरी गळतंय. तापलेलं तेल पातळ होतं आणि फटीतून लवकर निसटतं. याच्या उलट असतं, म्हणजे सकाळी उचलत नाही आणि तापल्यावर उचलतो, तर सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी तुंबली आहे किंवा तेल जाड भरलं आहे असं म्हटलं असतं. रिकामे आर्म झटकन वर येतात म्हणजे पंप तेल देतोय. चार पिस्टनपैकी एखादी जोडी मेली असती तर रिकाम्या आर्मलाही वेळ लागला असता.

हिसक्याचं कारणही तेच. या लिफ्टमध्ये लिव्हर एका जागी ठेवली की आर्म त्या उंचीला थांबतात आणि पंपाचा कंट्रोल व्हॉल्व्ह सक्शन बंद करतो. तेल गळून आर्म जरा खाली आले की आतली लिंक व्हॉल्व्ह परत उघडते, पंप तेल ओढतो, आर्म वर जातात, व्हॉल्व्ह बंद होतो. हे चक्र किती वेळाने फिरतं त्यावरून गळतीचा अंदाज येतो. मिनिटाला एखादा हिसका जुन्या ट्रॅक्टरला चालून जातो. दर तीन-चार सेकंदांनी म्हणजे गळती मोठी आहे, शिवाय पंपाला विनाकारण काम पडून तेल आणखी तापतं.

गळायच्या जागा मोजक्याच आहेत: लिफ्ट सिलिंडरच्या पिस्टनवरच्या रिंगा, सिलिंडर वरच्या कव्हरला जिथे बसतो तो जोड, पंपापासून वर कव्हरपर्यंत जाणारा उभा स्टँडपाइप (त्याच्या दोन्ही टोकांना ओ-रिंगा असतात), पंपावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कंट्रोल व्हॉल्व्हची सीलं. ट्रॉली उचलायचा होज जोडलेला असेल तर तो आधी काढून तोंड प्लगने बंद करा. तो त्याच दाबाच्या लाइनवर असतो आणि त्याचा कपलर आतून गळत असला तर सगळी लिफ्ट उघडूनही हाती काही लागत नाही.

यातलं नक्की कुठलं, हे वरचं कव्हर न काढता बघता येतं. उजव्या बाजूला डिपस्टिक असलेलं कव्हर आहे. आधी तेल त्या कव्हरच्या खालच्या कडेपर्यंत उतरवा, सगळं नको, कारण पंपाला ओढायला तेल लागतं. कव्हर काढताना त्यावर रिस्पॉन्सची लिव्हर असली तर ती आत कशी अडकते त्याचा फोटो काढून ठेवा. मग नांगर लावून इंजिन चालू करा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि बॅटरी आत मारून शांतपणे बघा.

सिलिंडरच्या मागच्या उघड्या तोंडातून तेल टपकत असेल तर पिस्टनच्या रिंगा. सिलिंडर आणि कव्हर यांच्या सांध्यातून ओघळ येत असेल तर तिथलं पॅकिंग किंवा ओ-रिंग. स्टँडपाइपच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला धार दिसली तर त्या टोकाची ओ-रिंग. वर सगळं कोरडं आणि खाली पंपाभोवतीच्या तेलात उकळी फुटल्यासारखं हलताना दिसलं, तर मात्र पंपाचे व्हॉल्व्ह.

इंजिन चालू असताना त्या तोंडात हात घालू नका, आत शाफ्ट फिरत असतो. गळती बोटाने चाचपू नका. दाबाची बारीक धार कातडीत घुसते आणि वरून जखम टाचणीएवढी दिसते. शंका असेल तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरा. उचललेल्या नांगराखाली माणूस नको, आणि तो खाली बसणारच आहे हे धरून चाला.

बांधावरचा
वरचं सगळं बरोबर आहे. त्याआधी दोन फुकटच्या तपासण्या करा.

पहिली टॉप लिंकची, म्हणजे अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याची. टॉप लिंक जिथे जोडतो तो मागचा चिमटा आत मोठ्या स्प्रिंगवर असतो. टॉप लिंक काढून तो चिमटा हाताने पुढे-मागे ओढून बघा. अजिबात हलता कामा नये, पण फिरवला तर फिरला पाहिजे. पुढे-मागे खेळ असेल तर ड्राफ्ट कंट्रोल (नांगरावरच्या ओढीनुसार खोली सांभाळणारी यंत्रणा) नीट चालत नाही, नांगर शेतात खोल-उथळ होत राहतो आणि लोक त्याचा दोष पंपाला देतात. तुमचा नांगर उभ्या ट्रॅक्टरवर हिसके देतो, त्यामुळे मूळ कारण हे नसावं. पण उद्या कव्हर काढणारच असाल तर तेव्हाच हा खेळ काढून घ्या.

दुसरी तपासणी लिव्हरची. दोन लिव्हर आहेत, पोझिशनची आणि ड्राफ्टची. चाचणी करताना पोझिशनच्या लिव्हरनेच उचला, आणि ती वाहतुकीच्या स्टॉपच्या वर ढकलू नका. वर ढकलली की पंप सतत दाब देत राहतो, सेफ्टी व्हॉल्व्ह चिरकतो आणि पंप ओरडतोय असं वाटतं.

आणि दुधाळ तेल. ते पाणी आहे. पावसात गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेल्या रबराच्या टोपीतून पाणी आत जातं. ती तडकलेली असणार, बोटाने वाकवून बघा. पाण्याने पंपाचे घासलेले भाग गंजतात, व्हॉल्व्ह चिकटतात. सीलं बदलाल आणि तेच तेल परत भराल तर काम वाया. ट्रॅक्टर रात्रभर एका जागी उभा ठेवा, सकाळी इंजिन न लावता खालचा प्लग थोडा सैल करा, आधी पाणीच येईल. प्लगला लागलेला गाळ पांढऱ्या कापडावर पुसून बघा. करडा मळ चालतो. चकाकणारे कपचे दिसले तर लिफ्टच्या आधी गिअर आणि डिफरन्शिअल बघावं लागेल.

मोंढ्याजवळ
पार्टचं मी सांगतो.

या लिफ्टची रचना मॅसीच्या ३५ आणि १३५ या जगभर विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातली. चेन्नईची टाफे कंपनी साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मॅसीची ट्रॅक्टरं भारतात बनवते आहे, त्यामुळे माल भरपूर आहे. लुधियानाकडचे कारखाने या घराण्याचे पार्ट परदेशातही पाठवतात. पार्ट मिळणं ही अडचण नाही. योग्य पार्ट मागणं ही आहे.

दुकानात जाऊन “१०३५ चं लिफ्ट किट द्या” एवढंच म्हणू नका. १०३५ वर्षानुवर्षं बनत राहिला आणि आतले पार्ट बदलत गेले. काही पिस्टनवर बिडाच्या रिंगा असतात, काहींवर ओ-रिंग आणि तिच्याशेजारी पातळ बॅकअप रिंग. ट्रॅक्टरच्या पाटीवरचा सिरियल नंबर, पंपाच्या बॉडीवर ओतलेला नंबर आणि सिलिंडरचा व्हर्नियरने मोजलेला बोअर (आतला व्यास), हे तीन कागदावर लिहून न्या. जुना पार्ट पिशवीत सोबत असू द्या, धुऊन, फेकून देऊ नका. पंपच घ्यायची वेळ आली तर शाफ्टच्या स्प्लाइनचे दात मोजा आणि जुना-नवा शेजारी ठेवून कंट्रोल व्हॉल्व्हची बाजू जुळवा.

ओरिजिनल की लोकल? माझं मत: रबर आणि रिंगा कंपनीच्याच घ्या. एकूण खर्चात त्यांचा वाटा किरकोळ, आणि बिघडल्या तर पुन्हा सगळं कव्हर उतरवावं लागतं. पॅकिंग, बोल्ट, गिअर लिव्हरची टोपी, आर्मच्या पिना लोकल चालतात. ओ-रिंग फुटकळ घेऊ नका. पाण्याच्या पाइपाला लागणारी रिंग दिसते तशीच, पण गरम तेलात फुगते आणि आठवडाभरात सैल पडते. तेलात चालणारी नायट्राइल रबराची हवी, आणि मापही इंचाचं. मिलिमीटरमधली “जवळपास बसणारी” घेतलीत तर ती एक तर खाचेत पिळवटते नाही तर दाब धरत नाही.

दुरुस्त केलेला जुना पंप घेण्याआधी एवढं बघा: शाफ्ट हाताने फिरवून कुठे अडतो का, कंट्रोल व्हॉल्व्ह बोटाने दाबून सोडला की सुरळीत परत येतो का, बॉडीवर वेल्डिंगची खूण आहे का. वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत या.

जिल्ह्याच्या ठिकाणी टाफेच्या डीलरकडे आधी विचारा, पार्ट नंबरवरून मागवून देतात. तिथे नसेल तर ट्रॅक्टर स्पेअरच्या जुन्या दुकानात. घाऊक माल दिल्लीच्या काश्मिरी गेटातून आणि लुधियानातून येतो. मोठ्या दुकानदाराला नंबर दिला की तो पुढच्या पार्सलात घालून देतो. सिलिंडरला रेघा पडल्या असतील आणि होनिंग (आतून बारीक घासून गुळगुळीत करणं) करायचं असेल तर चांगल्या लेथवाल्याकडे न्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी कामं रोजची आहेत.

एक महत्त्वाचं: जुन्या मॅसीचे आटे इंचाचे आहेत. चार सुती (अर्धा इंची) बोल्टच्या जागी १२ मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, हलतो, आणि आवळला की बिडातले आटे ओरबाडून काढतो. आधीच्या मिस्त्रीने कुठे मिलिमीटरचा बोल्ट घातलाय का ते काढतानाच कळेल, पाना नीट बसत नाही. तो भोकात परत घालू नका.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. बाजूचं कव्हर काढून बघितलं. होज लावलेला नाही. खालच्या प्लगमधून आधी चहाच्या कपभर पाणी आलं, मग तेल. प्लगला करडा मळ, कपचे नाहीत. गिअर लिव्हरची टोपी बुडाला गोल चिरलेली आहे.

नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर सिलिंडरच्या मागच्या तोंडातून तेल ओघळतंय, थेंब थेंब नव्हे, बारीक धारच. स्टँडपाइपचं खालचं टोक ओलं आहे, वरचं कोरडं. पंपाभोवती तेल शांत. टॉप लिंकच्या चिमट्याला अंदाजे दोन मिलिमीटर खेळ आहे.

म्हणजे पंप वाचला असं समजू का? आणि कव्हर उतरवायचा क्रम कोणी नीट सांगेल का?

सूतमाप
पंप वाचला. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडर-कव्हरच्या जोडाचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, स्टँडपाइपच्या दोन्ही ओ-रिंगा, कव्हरचं मोठं पॅकिंग, बाजूच्या कव्हरचं पॅकिंग, आर्म-शाफ्टच्या दोन्ही बाजूंच्या ओ-रिंगा आणि गिअर लिव्हरची टोपी, एवढं आणा. पंपाला हात लावू नका. तो दोन बाजूंच्या पिनांवर टांगलेला असतो, बाहेर काढायचा तर पीटीओ शाफ्टही (मागच्या अवजाराला फिरती शक्ती देणारा) मागे ओढावा लागतो. आज त्याची गरज नाही.

ट्रॅक्टर सपाट जागी, चाकांना दगड. तेल पूर्ण काढा. अवजार काढा, आर्म पूर्ण खाली. सीट, टॉप लिंक आणि आर्मना जोडलेले उभे रॉड सोडवा. त्यानंतर वरची छोटी टोपी काढून स्टँडपाइप सरळ वर ओढून घ्या. हे कव्हर उचलायच्या आधीच. पाइप आत राहिला आणि कव्हर तिरकं उचललं तर तो वाकतो, आणि वाकलेल्या पाइपाला नवी ओ-रिंग घालूनही तो गळतो.

कव्हरचे सगळे बोल्ट काढल्यावर चेनपुलीने सरळ वर उचला. हाताने उचलायचा मोह नको, ते जड असतं आणि खाली लोंबणाऱ्या लिव्हर वाकतात. या लिव्हरच पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या रोलरला ढकलतात. काढण्याआधी बाजूच्या तोंडातून फोटो घ्या: लिव्हर रोलरच्या कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे. बसवताना ती भलत्या बाजूला गेली की सगळं नवं घालूनही लिफ्ट एक तर उचलत नाही, नाही तर खालीच येत नाही. कव्हर बसवायचं काम बहुतेक इथेच फसतं.

कव्हर लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवा. सिलिंडरचे बोल्ट काढून पिस्टन बाहेर घ्या. सिलिंडर रॉकेलने धुऊन आतून नख फिरवा. नख अडलं तर रेघ खोल आहे, होनिंग किंवा नवा सिलिंडर. नुसता डाग असेल तर चालेल. बिडाच्या रिंगा असतील तर पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट बघा, जुनी आणि नवी दोन्ही. फरक डोळ्याला दिसतो. चढवताना दोन रिंगांच्या फटी समोरासमोर येऊ देऊ नका. ओ-रिंगचा पिस्टन असेल तर बॅकअप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या उघड्या तोंडाकडे. उलटी बसली तर ओ-रिंग फटीत ढकलली जाऊन कुरतडते. सगळं रबर बसवण्यापूर्वी स्वच्छ तेलात बुडवा. धूळ बसलेलं ग्रीस लावू नका.

चिमट्याचा खेळ याच वेळी काढा. आर्म-शाफ्ट काढलाच तर आतल्या आर्मवरची आणि शाफ्टवरची खूण जुळवूनच परत घाला, एक दात चुकला तर आर्म पूर्ण वर जात नाहीत. बाहेरच्या आर्मचे शेवटचे बोल्ट इतकेच आवळा की आर्म स्वतःच्या वजनाने खाली येतील. करकचून आवळले की अवजार खाली सोडताना अडकतं आणि दोष व्हॉल्व्हला लागतो.

परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसून पॅकिंग, कव्हर सरळ खाली, रोलर बघून मगच बोल्ट, आणि बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा. स्टँडपाइप शेवटी. तो हाताने दाबून खाली बसला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर ओ-रिंग कापली गेली असं समजून बाहेर काढा.

बांधावरचा
तेलाचं राहिलं. गिअरपेटी, डिफरन्शिअल आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल आहे, म्हणून ९० किंवा १४० नंबरचं गिअर ऑइल भरू नका. गिअरला चालतं पण थंडीत पंप ते ओढू शकत नाही. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ट्रान्समिशन-हायड्रोलिक तेलच घ्या. साधारण तीस लिटरच्या आसपास लागतं, पण माप डिपस्टिकवरच धरा, तेही आर्म पूर्ण खाली असताना. सक्शनची जाळी तेल उतरवलेलं असतानाच धुऊन घ्या.

पाणी गेलं होतं म्हणून एक आगाऊ सूचना. जुनं तेल काढल्यावर आतल्या तळाला पांढरट साय उरते. थोडं डिझेल टाकून ब्रशने ती सोडवा, पूर्ण निथळू द्या, कापडाने पुसा. कापसाचे धागे सुटणारं बोचकं नको, ते थेट जाळीत जातात. पुढच्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्लग सैल करून पाणी बघत जा.

भरल्यावर इंजिन मंद चालवून आर्म रिकामेच आठ-दहा वेळा वर-खाली करा, हवा निघते. तेल परत तपासा, कमी भरलेलं दिसेल, पुरवा. मग नांगर लावून अर्धा तास ट्रॅक्टर चालवा, तापू द्या, आणि तापल्यावरच हिसका आणि इंजिन बंद केल्यावरची बसकण मोजा. थंड असताना घेतलेल्या चाचणीवर जाऊ नका.

गोदाकाठ
यादी लिहून घेतली. डीलरकडे सिरियल नंबर दिला, पिस्टन ओ-रिंग आणि बॅकअप रिंगचा निघाला. एक शंका: सिलिंडरच्या पुढच्या भागात एक रेघ दिसते, नख किंचित अडतं, पण ती पिस्टनच्या चालीत पूर्ण खालच्या टोकाला आहे.

सूतमाप
आर्म पूर्ण खाली असताना पिस्टन जिथे असतो तिथली रेघ असेल तर नांगर उचलून धरण्यावर तिचा परिणाम होत नाही, कारण तेव्हा सील तिला ओलांडून मागे गेलेलं असतं. पण प्रत्येक उचलीत ओ-रिंग त्या रेघेवरून घासत जाणार आणि लवकर कुरतडणार. सिलिंडर बाहेर आहेच, होनिंग करून घ्या. होनिंगनंतर बोअर पुन्हा मोजा आणि पिस्टन आत घालून आडवा हलवून बघा. खेळ आधीपेक्षा वाढल्यासारखा वाटला तर नवीन सिलिंडर घ्या, जाड ओ-रिंग घालून फट भरू नका.